π च्या जागी τ घ्यावा का?

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तू विचारलेला प्रश्न मेसेजमध्ये उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. π (पाय) काढून त्याच्या जागी τ (टाऊ) आणावा असं म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे का, असं तू विचारलंस. माझं मत आधीच सांगून टाकते. π मध्ये चूक काहीच नाही. पण कोन, फेरे आणि लाटा यांच्या गणितात एका पूर्ण फेऱ्याला स्वतःची खूण नाही, त्यामुळे शिकणाऱ्याची दमछाक होते, ही τ वाल्यांची तक्रार मला शंभर टक्के पटते. तरीही जगभरची पुस्तकं बदलावीत असं मी म्हणणार नाही. तू मात्र २π हा एकच अखंड आकडा समजून वागावंस, आणि सूत्रात २ किंवा अर्धा दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नयेस. हा सगळा वाद त्या एका २ चा आहे.

व्याख्या अगदी छोट्या आहेत. परिघाला व्यासाने भागलं की π मिळतो, ३.१४१५९२६५… त्याच परिघाला त्रिज्येने भागलं की τ मिळतो, ६.२८३१८५३०… म्हणजे τ = २π. इतका सोपा फरक असताना एवढी चर्चा का, असं वाटेल. पण वर्तुळाची व्याख्या बघ: एका बिंदूपासून ठरावीक अंतरावर असलेले सगळे बिंदू. ते ठरावीक अंतर म्हणजे त्रिज्या. कंपासमध्ये आपण त्रिज्या धरतो, वर्तुळाच्या समीकरणात त्रिज्या येते, रेडियनची व्याख्याही त्रिज्येवरच आहे. सगळीकडे त्रिज्या वापरायची आणि स्थिरांक तेवढा व्यासावरून घ्यायचा, यातून सूत्रासूत्रांत २ शिरतो.

रेडियनचंच बघू, कारण तुझी अडचण तिथेच आहे. कंसाची लांबी भागिले त्रिज्या म्हणजे रेडियनमधला कोन. पूर्ण परीघ घेतला तर हे उत्तर थेट τ येतं. म्हणून वर्तुळाचा आठवा भाग म्हणजे τ/८, बारावा भाग τ/१२, पाऊण फेरा ३τ/४. जेवढा भाग, तेवढाच अपूर्णांक. हेच π मध्ये लिहिलं की आठवा भाग π/४ होतो, बारावा π/६ आणि पाऊण फेरा ३π/२. π/४ बघून 'पाव वर्तुळ' असं मनात येणं हा मुलांचा दोष नाही. डोळ्यांसमोर चार आहे आणि अर्थ आठ आहे. १५० अंशांचे रेडियन कर म्हटलं की बहुतेक जण १८० ने भागून π ने गुणतात, ५π/६ लिहितात आणि हा कोन वर्तुळात कुठे पडला हे त्यांना सांगता येत नाही. १५० हा ३६० चा पाच-बारांश भाग. ५τ/१२ लिहिलं की घड्याळाच्या तबकडीवर बारापैकी पाच तास सरकल्यासारखा कोन समोर दिसतो.

साइन आणि कोसाइनचे आलेख याच हिशेबाने सोपे होतात. τ/४ ला साइन शिखरावर, τ/२ ला शून्यावर, ३τ/४ ला तळाशी, τ ला परत शून्यावर. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. पाठ करण्यासारखं त्यात काही उरत नाही.

आता क्षेत्रफळ, कारण τ ला विरोध करणारे पहिला वार इथेच करतात. π गुणिले त्रिज्येचा वर्ग किती सुटसुटीत, आणि τ घेतला की पुढे अर्धा लावावा लागतो! वरवर पाहता मुद्दा बिनतोड आहे. पण हे सूत्र येतं कुठून ते एकदा हाताने करून बघ. वर्तुळाचे केंद्राभोवती पातळ कडे कर. एखाद्या कड्याचं केंद्रापासूनचं अंतर 'क्ष' असेल तर त्याची लांबी τ × क्ष, आणि क्षेत्रफळ म्हणजे ती लांबी गुणिले जाडी. सगळी कडी शून्यापासून त्रिज्येपर्यंत मिळवायची. τ × क्ष याचं संकलन (इंटिग्रेशन) केलं की ½ × τ × क्ष-वर्ग येतो. हा अर्धा संकलनातून आला आहे. वरून पडणाऱ्या वस्तूने कापलेल्या अंतरात ½ × ग्रॅव्हिटी × वेळेचा वर्ग, गतिज ऊर्जेत ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग, ताणलेल्या स्प्रिंगच्या ऊर्जेत ½ × स्प्रिंगचा स्थिरांक × ताणाचा वर्ग, या तिन्ही ठिकाणचा अर्धा याच कारणाने येतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळात मात्र २π मधला २ आणि संकलनातला अर्धा एकमेकांना खाऊन टाकतात आणि ही नातलगी दिसेनाशी होते.

वर्तुळपाकळीचं सूत्र याला दुजोरा देतं. पाकळीचं क्षेत्रफळ = ½ × कोन × त्रिज्येचा वर्ग. इथे अर्धा सगळ्यांना मान्य आहे, कुणी तक्रार करत नाही. त्यात कोन पूर्ण फेऱ्याचा, म्हणजे τ, घातला की पूर्ण वर्तुळ मिळतं. वेगळं सूत्र लक्षात ठेवायची गरजच पडत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) क्षेत्रफळ दिलंय ते परीघ गुणिले व्यासाचा चतुर्थांश असं. त्यात स्थिरांकच नाही! परीघ एकदा काढला की क्षेत्रफळाला π ही लागत नाही आणि τ ही. मला हे रूप फार आवडतं, कारण वर्तुळ हा परिघाएवढा पाया आणि त्रिज्येएवढी उंची असलेला त्रिकोणच आहे, हे त्यात स्पष्ट दिसतं. त्रिकोणाचा अर्धा आणि व्यासाचा अर्धा मिळून तो चतुर्थांश झाला.

मग जगाने π च का धरला? इतिहास बघितलास तर कळेल की यात गणिताची सक्ती कुठेच नव्हती. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये 'आर्यभटीय' या ग्रंथात २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२,८३२ असतो असं दिलं; म्हणजे ३.१४१६, व्यासावरून. पण त्याच ग्रंथात त्याने साइनचा तक्ता दिला तेव्हा परिघाच्या २१,६०० कला धरल्या (३६० अंश, प्रत्येकाच्या ६० कला) आणि त्रिज्या घेतली ३,४३८ कला. २१,६०० भागिले ३,४३८ करून बघ: ६.२८२७ येतं. आणि ३,४३८ कला म्हणजे ५७.३ अंश, आपला एक रेडियन. मापायची वेळ आली तेव्हा व्यास, कोनांची वेळ आली तेव्हा त्रिज्या. आर्यभटाला दोन्हींची गरज पडली आणि त्याने दोन्ही वापरले. समरकंदच्या अल-काशीने १४२४ मध्ये परीघ आणि त्रिज्येचंच गुणोत्तर सोळा दशांश स्थळांपर्यंत काढलं: ६.२८३१८५३०७१७९५८६५. हा सरळसरळ τ आहे.

π हे अक्षर ३.१४ साठी पहिल्यांदा वापरलं विल्यम जोन्सने, १७०६ मध्ये. ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७२७ च्या हवेवरच्या निबंधात π लिहिला तो परीघ भागिले त्रिज्या या अर्थाने, म्हणजे ६.२८! पुढे १७३६ च्या यांत्रिकीवरच्या ग्रंथात तो ३.१४ कडे वळला, आणि १७४८ चं त्याचं विश्लेषणाचं पुस्तक युरोपभर वाचलं गेल्यावर ३.१४ पक्का झाला. ऑयलर पहिल्याच अर्थाला चिकटून राहिला असता तर आज हा वाद उलट्या बाजूने चालला असता.

आत्ताची मोहीम सुरू झाली २००१ मध्ये. बॉब पॅले या गणितज्ञाने एका लेखात π ची निवड चुकीची असल्याचं मांडलं आणि ६.२८ साठी तीन पायांचा π सुचवला. २०१० मध्ये २८ जूनला मायकल हार्टलने τ या अक्षराची बाजू मांडणारा जाहीरनामा काढला, आणि तेव्हापासून २८ जून हा τ वाल्यांचा दिवस झाला. त्याच्या फार आधी, १९५८ मध्ये, अल्बर्ट ईगलने τ हेच अक्षर π/२ साठी सुचवलं होतं. म्हणजे पाव फेरा, अर्धा फेरा आणि पूर्ण फेरा, तिन्हींना कुणी ना कुणी 'खरा' स्थिरांक म्हटलेलं आहे. माझ्या दृष्टीने तिघांत पूर्ण फेऱ्याचा दावा सगळ्यात मजबूत, कारण फिरून मूळ जागी आणणारा सर्वांत लहान कोन तोच.

ऑयलरच्या प्रसिद्ध समीकरणात हेच दिसतं. ई चा आय-पाय घात अधिक १ बरोबर ०, असं ते लिहितात (ई म्हणजे २.७१८…, आय म्हणजे उणे १ चं वर्गमूळ). त्याचा अर्थ: अर्धा फेरा फिरलं की १ चा उणे १ होतो. τ घेतला की ई चा आय-टाऊ घात बरोबर १. पूर्ण फिरलं की होतं तिथेच परत. पहिल्या रूपात पाच महत्त्वाच्या संख्या एकत्र येतात म्हणून लोकांना ते देखणं वाटतं, आणि वाटू दे. दोन्ही खरी आहेत आणि एकातून दुसरं वर्ग करून मिळतं. उलट दिशेने जाताना मात्र वर्गमूळाचं चिन्ह ठरवावं लागतं, म्हणून माहिती पहिल्या रूपात थोडी जास्त आहे. हा मुद्दा मी π च्या खात्यावर जमा करते.

त्या खात्यावर आणखीही बरंच आहे आणि τ चे समर्थक ते झटकन ओलांडून जातात, म्हणून जरा थांबून सांगते.

पहिलं, वर्कशॉप. गोल वस्तू हातात आली की मोजता येतो तो व्यास. व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात दांडा धरला की व्यास मिळतो. भरीव दांड्याचं केंद्र कुणालाच दिसत नाही, त्रिज्या मोजणार कुठून? पाइप, तार, ड्रिल, बेअरिंग, सगळ्यांची मापं व्यासात. लेथवर कटिंग स्पीडचं सूत्र आहे π × व्यास × फेरे भागिले १०००: व्यास मिलिमीटरमध्ये, फेरे दर मिनिटाला, उत्तर मीटर प्रति मिनिट. ५० मिलिमीटरचा दांडा ६०० फेऱ्यांनी फिरत असेल तर ९४.२ मीटर प्रति मिनिट. इथे सवयीने τ घातलास तर १८८.५ येईल, आणि तो आकडा खरा मानून तू मशीनचे फेरे निम्मे करशील. काम दुप्पट वेळ घेईल आणि फिनिशही बिघडेल. तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ π × व्यासाचा वर्ग भागिले ४. τ मध्ये ते τ × व्यासाचा वर्ग भागिले ८ होतं, म्हणजे सुधारणा शून्य.

दुसरं, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज अर्धा फेरा, π. बहुभुजाच्या आतल्या कोनांची बेरीज π च्या पटीत वाढते. बाहेरच्या कोनांची बेरीज मात्र नेहमी τ, कारण कडेकडेने चालत गेलं की एक पूर्ण फेरा होतो. एकाच आकृतीत आत π आणि बाहेर τ.

तिसरं आणि सगळ्यात खोल: साइनची शून्यं दर अर्ध्या फेऱ्याला येतात. १ + १/४ + १/९ + १/१६… ही बेरीज π-वर्ग भागिले ६ येते, ती ऑयलरने साइनच्या याच शून्यांवरून काढली. τ मध्ये ती τ-वर्ग भागिले २४ होते, बघायला वाईटच. इथपर्यंत π जिंकला. पण २ ऐवजी ४, ६, ८ असे सम घात घेऊन सर्वसाधारण सूत्र लिहिलं की त्यात २π चाच घात येतो, आणि त्याला भागणारा २ वेगळा उभा राहतो. तो येतो धन आणि ऋण पूर्णांकांपैकी आपण फक्त धन घेतले म्हणून. एकच उदाहरण बघून निकाल देऊ नकोस असं मी म्हणते ते यासाठी.

संख्याशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्राचंही तसंच. ई चा उणे क्ष-वर्ग घात, याच्या खालचं एकूण क्षेत्रफळ √π. घातात अर्धा घालून प्रमाण विचलन १ होईल असा वक्र घेतला की √τ. प्रश्न कसा मांडला त्यावर उत्तर ठरतं. नॉर्मल वितरणाच्या सूत्रात भाजकात २π दिसतो तो या दुसऱ्या मांडणीतून. फॅक्टोरियलच्या (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराच्या) अंदाजाच्या स्टर्लिंगच्या सूत्रातही तोच २π वर्गमुळात आहे. १० साठी ते सूत्र सुमारे ३५,९८,६९६ देतं, खरं उत्तर ३६,२८,८००, म्हणजे एक टक्क्याच्या आत. चुकून नुसता π घातलास तर उत्तर सुमारे २५ लाख ४५ हजार येईल, आणि लगेच लक्षात येईल की √२ कुठेतरी सांडला. असा गुणक हरवला की उत्तर किती पटीने चुकलं ते आधी काढ. २ पट, √२ पट किंवा ६.२८ पट, त्या पटीवरूनच चूक सापडते.

६.२८ पटीची चूक सगळ्यात घातक, कारण ती वारंवारता आणि कोनीय वारंवारता यांच्या गोंधळातून होते. वारंवारता म्हणजे सेकंदाला किती फेरे, कोनीय वारंवारता म्हणजे सेकंदाला किती रेडियन. दोन्हींमध्ये τ चा गुणक. ५० हर्ट्झची कोनीय वारंवारता ३१४.१६. पुस्तकात ती '१००π' अशी लिहितात आणि मुलांना वाटतं १०० चा काहीतरी संबंध आहे. ५०τ लिही: सेकंदाला पन्नास फेरे, संपलं. मोटर मिनिटाला १,५०० फेरे फिरते, टॉर्क १० न्यूटन-मीटर आहे, शक्ती किती? १,५०० भागिले ६० म्हणजे सेकंदाला २५ फेरे, ते गुणिले τ म्हणजे १५७.०८ रेडियन प्रति सेकंद, गुणिले १० म्हणजे १,५७१ वॅट. τ विसरलीस तर २५० वॅट येईल. २π ऐवजी π घातलास तर ७८५. दोन्ही आकडे ऐकायला खरे वाटतात, हाच धोका.

आता τ ची स्वतःची खरी अडचण सांगते, आणि ती चिन्हाची आहे. τ हे अक्षर मोकळं नाही. टॉर्क τ, कर्तन प्रतिबल τ, सापेक्षतेतला स्वकाल τ, कणाचं सरासरी आयुष्य τ, सर्किटचा कालस्थिरांक τ. शेवटचं उदाहरण तुझ्या उपयोगाचं आहे म्हणून पूर्ण करते. १० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर यांचा फिल्टर घे. दोघांचा गुणाकार म्हणजे कालस्थिरांक, १ मिलिसेकंद, आणि सगळी पुस्तकं त्याला τ म्हणतात. फिल्टरची कटऑफ वारंवारता १ भागिले (२π × कालस्थिरांक), म्हणजे १५९.२ हर्ट्झ. मुलं २π विसरून १,००० हर्ट्झ लिहितात. तो आकडा रेडियन प्रति सेकंदाचा आहे, हर्ट्झचा नव्हे. आता २π च्या जागी τ लिहून बघ. भाजकात 'τ गुणिले τ' येतो, एक ६.२८ आणि दुसरा ०.००१! टॉर्कवरून शक्ती काढतानाही तोच पेच. ज्या क्षेत्राला τ चा सगळ्यात जास्त फायदा व्हायचा, नेमकं तिथेच ते अक्षर आधीपासून व्यापलेलं आहे.

जुनी निवड गैरसोयीची असली तरी ती बदलणं किती जड जातं, याची उदाहरणं कमी नाहीत. विजेची दिशा धनाकडून ऋणाकडे धरली गेली आणि तारेत प्रत्यक्ष वाहणारे इलेक्ट्रॉन उलटे जातात हे नंतर कळलं. तरी कुणी आकृत्या बदलल्या नाहीत. फ्रान्समध्ये काटकोनाचे १०० भाग करायचा प्रयत्न झाला. ते एकक सर्वेक्षणाच्या उपकरणांत टिकलं, पण ९० अंश काही हलले नाहीत. मला जास्त आशादायक वाटतं ते भौतिकशास्त्रातलं उदाहरण. प्लांकचा स्थिरांक एच आणि त्याला २π ने भागून मिळणारा एच-बार, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. फेऱ्यांत बोलताना ऊर्जा म्हणजे एच गुणिले वारंवारता, रेडियनमध्ये बोलताना एच-बार गुणिले कोनीय वारंवारता. कुणी कुणाला हाकललं नाही. π आणि τ चं असंच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

प्रोग्रॅमिंगमध्ये ते होऊही लागलंय. पायथनच्या ३.६ आवृत्तीपासून मॅथ मॉड्यूलमध्ये टाऊ आहे, रस्टमध्ये आहे, जावामध्ये १९ व्या आवृत्तीपासून आहे. जावास्क्रिप्टमध्ये मात्र फक्त पाय, तिथे २ ने गुणूनच घ्यावा लागतो. अचूकतेत याने काडीचा फरक पडत नाही: संगणकात संख्या द्विमान पद्धतीत साठवतात, २ ने गुणताना फक्त घातांक एकने वाढतो, आकडे तेच राहतात. म्हणून २ × पाय आणि टाऊ शेवटच्या बिटपर्यंत सारखे. पण दोन्ही ठरावीक आकड्यांपर्यंतच राउंड केलेले आहेत, त्यामुळे पायचा साइन शून्य येत नाही, साधारण १.२२ गुणिले १० चा उणे १६ वा घात येतो. टाऊचा येतो त्याच्या दुप्पट आणि ऋण. म्हणून साइन बरोबर शून्य आहे का, अशी तपासणी कोडमध्ये कधी करू नकोस.

वर्तुळावर बारा बिंदू मांडायचे असतील तर पायरी टाऊ/१२ ठेव आणि मोजणी ० ते ११ अशीच कर. १२ पर्यंत गेलीस तर शेवटचा बिंदू पहिल्यावरच बसतो. पाय/१२ घेतलास तर सगळे बिंदू अर्ध्याच वर्तुळात गोळा होतात. आणि बिंदूच्या निर्देशकांवरून कोन देणारं 'एटॅन२' हे फंक्शन वापरताना ध्यानात ठेव, त्याचं उत्तर उणे अर्ध्या फेऱ्यापासून अधिक अर्ध्या फेऱ्यापर्यंत येतं. ० ते पूर्ण फेरा हवा असेल तर ऋण उत्तरात टाऊ मिळव.

खरं तर यापुढचं पाऊल म्हणजे कोन सरळ फेऱ्यांतच मोजणं. वेबपानांच्या सीएसएसमध्ये 'टर्न' हे एकक आहेच, ०.२५ टर्न म्हणजे काटकोन. छोट्या कंट्रोलरांत पूर्ण फेऱ्याचे ६५,५३६ भाग करून कोन १६ बिटांत ठेवतात. एक भाग सुमारे ०.००५५ अंशाचा, आणि फेरा पूर्ण झाला की संख्या आपोआप शून्यावर येते, ३६० वजा करत बसावं लागत नाही. सी भाषेच्या सी२३ मानकात 'साइनपाय' असं फंक्शन आहे. त्याला १ दिला की उत्तर अचूक शून्य. ते अर्ध्या फेऱ्यांत मोजतं, म्हणजे तिथे π ची सरशी झाली!

तू काय करायचंस ते आता सांगते. परीक्षेत π च लिही. तपासणाऱ्याच्या हातात π मधली उत्तरं असतात, आणि ५τ/१२ बघून त्याने थांबावं अशी वेळ आणू नकोस. स्वतःच्या वहीत τ लिहायचा असेल तर प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या ओळीत 'τ = २π' लिही, आणि टॉर्क किंवा कालस्थिरांक आला की त्या पानापुरता २π वर परत ये. सूत्र सोडवताना २π मधला २ दुसऱ्या कशाशी काटू नकोस. शेवटच्या ओळीपर्यंत तो π ला चिकटून राहू दे. लंबकाचा आवर्तनकाळ २π × √(लांबी भागिले ग्रॅव्हिटी) असतो, त्यातला २π म्हणजे एक पूर्ण झोका. १ मीटर लांबीला २.००६ सेकंद. अर्ध्या झोक्याला एक सेकंद लागतो हेही त्यातच दिसतं.

गोलाचं राहिलं. पृष्ठफळ ४π × त्रिज्येचा वर्ग, τ मध्ये २τ. घनफळ ४π/३ × त्रिज्येचा घन, τ मध्ये २τ/३. इथे τ ने काही सुटत नाही. मजा सुरू होते ती मितीच्या पायऱ्या चढताना. कुठल्याही मितीतल्या गोलाचं घनफळ काढायचं असेल तर दोन मिती खालचं घनफळ घे, त्रिज्येच्या वर्गाने गुण, τ ने गुण आणि मितीच्या आकड्याने भाग. एक मितीचा 'गोल' म्हणजे नुसता रेषाखंड, लांबी २ × त्रिज्या. त्याला τ × त्रिज्येच्या वर्गाने गुणून ३ ने भागलंस की २τ/३ × त्रिज्येचा घन, आपला नेहमीचा गोल. शून्य मितीचा म्हणजे एक बिंदू, त्याचं माप १. त्यावरून २ ने भागून ½τ, आपलं वर्तुळ. दर पायरीला एकच τ येतो आणि भाजकात त्या मितीचा आकडा. चौथ्या मितीचं उत्तर τ-वर्ग भागिले ८, म्हणजेच π-वर्ग भागिले २. पाचवी मिती तू कर आणि मला कळव. शेवटी π मध्ये बदललंस की ८ × π-वर्ग भागिले १५ गुणिले त्रिज्येचा पाचवा घात यायला हवा.

तुझी,
आई